आधी गाळ, मग रोबो

अलिबागजवळ नागावला मामाची नारळ-सुपारीची वाडी आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर तो तिथेच राहायला गेला. घर बांधताना न्यू जर्सीतल्या मुलाच्या हौसेखातर मागच्या अंगणात पोहण्याचा पूल झाला: २० फूट लांब, १० फूट रुंद, साडेतीन फुटांपासून पाच फुटांपर्यंत उतरता, सुमारे २४ हजार लिटर पाण्याचा. शनिवार-रविवारी घराचा वरचा मजला पाहुण्यांना दिला जातो. भाची पुण्याला ऑटोमेशनच्या कंपनीत इंजिनियर आहे. पूल साफ करायला रोबो घ्यावा, असं तिचं म्हणणं. घरात माणूस असताना यंत्र कशाला, असं त्याचं. पडवीत बसून दोघांनी हा वाद घातला, तो असा.

भाची : मामा, न्यू जर्सीहून दादाने पाठवलेला व्हिडिओ बघितलास? वायर नाही, कॅमेरा आहे, मोबाईलवर चालतो. तळ, भिंती, पाण्याच्या रेघेवरचा मेणचटपणा, सगळं एकटा काढतो.

मामा : बघितला. त्या पुलाभोवती एकही झाड नव्हतं. तळाशी आठ-दहा पानं होती, तीसुद्धा कुणीतरी मोजून टाकल्यासारखी. मार्चातल्या वाऱ्याला इकडे ये. कुंपणापलीकडच्या सुरूच्या काड्या रात्रभर पडतात आणि सकाळी तळ दिसत नाही.

भाची : म्हणूनच यंत्र हवं ना.

मामा : यंत्र आहे. दांडा, जाळी, ब्रश, होज आणि ते चालवणारे माळीदादा. सकाळी दांड्याला व्हॅक्यूमचं हेड लावतात, होज रिटर्नच्या झोतासमोर धरून पाण्याने भरून घेतात, बुडबुडे थांबले की दुसरं टोक स्किमरमध्ये. आत हवा राहिली तर पंप पाणी सोडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. माळीदादांना ते होजच्या गुरगुरण्यावरून कळतं. आणि हेड कसं ओढतात ते बघ एकदा. जरा घाई केली की गाळ उठतो आणि मग तासभर बसत नाही.

भाची : त्यांचा हात चांगला आहे, वादच नाही. पण जोडून सुट्ट्या आल्या की काय होतं? अकराला एक पार्टी जाते, दोनला दुसरी येते. मधल्या तीन तासांत खोल्या, चादरी, बाथरूम, अंगण आणि पूल. माणसं दोन. त्या दिवशी दीड तास होज कोण ओढणार? मधला तळ निघतो, कोपरे राहतात. रोबोची एक फेरी साधारण दोन तासांची. तो पाण्यात फिरेल, माळीदादा खोल्या बघतील.

मामा : म्हणजे माणूस वाचत नाही, वेळ वाचतो.

भाची : मी तेवढंच म्हणतेय.

मामा : मग पैशाचा हिशेब नीट मांड. डीलरने दीड लाख सांगितलेत. माळीदादांचा पगार आहे तोच राहणार. विजेचं काय?

भाची : रोबो दीडशे ते पावणेदोनशे वॉट घेतो. दोन तासांना युनिटचा तिसरा हिस्सा. तुझा एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला जवळजवळ एक युनिट खातो.

मामा : पंप तर रोज सहा तास चालतोच. पाणी फिरलं नाही तर क्लोरीन सगळीकडे पोचत नाही, आणि फिल्टरमधून गेलं नाही तर निवळत नाही. रोबो आणला म्हणून पंप बंद ठेवता येणार आहे का?

भाची : नाही. विजेची बचत मी धरतच नाही. तू पाण्याची धर. होजने ओढलेला कचरा सँड फिल्टरमध्ये जातो. वाळू तुंबते, गेजचा काटा चढतो, बॅकवॉश द्यावा लागतो. बॅकवॉशला मिनिटाला दोनशे-अडीचशे लिटर पाणी गटारात जातं. तीन मिनिटं धरलीस तरी सहाशे-सातशे लिटर झाले. मे महिन्यात विहीर तळाला गेली की तूच टँकर मागवतोस. रोबोने उचललेला कचरा त्याच्या टोपलीत राहतो, वाळूपर्यंत जातच नाही.

मामा : हे बरं बोललीस. पाण्याचं नाव काढलं की मी ऐकतो. पण त्यासाठी दीड लाख कशाला? सोंडवालं यंत्र मिळतं की. होजला जोडायचं आणि सोडून द्यायचं. टकटक करत फिरतं. एकदोघांकडे बघितलंय मी.

भाची : ते सक्शनवालं. दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए नावाच्या इंजिनियरने १९७४ मध्ये ‘क्रीपी क्रॉली’ बनवला, त्याच्या जातीचं. पंपाच्या ओढीवर चालतं, स्वतःची मोटर नाही, त्यामुळे स्वस्त आणि बिघडायलाही फारसं काही नाही. पण कचरा शेवटी तुझ्या पंपाच्या गाळणीत आणि वाळूतच जाणार. बॅकवॉश तितकाच. शिवाय चार काड्या सोंडेत आडव्या बसल्या की ओढ संपली. दुसरी जात प्रेशरवाली. तिला पाण्याचा जोर देतात आणि कचरा मागच्या पिशवीत साठतो. पानांना चांगली, पण बऱ्याच मॉडेलना वेगळा बूस्टर पंप आणि वेगळी पाइपलाइन लागते.

मामा : म्हणजे झालेला पूल फोडा. ते नाव काढू नकोस.

भाची : मग उरला रोबो. मोटर त्याची, गाळणी त्याची, तुझ्या प्लंबिंगशी देणंघेणं नाही. इस्रायलमध्ये यिझ्रएल नावाच्या किबुट्झवर १९८३ मध्ये मेट्रॉनिक्स कंपनी सुरू झाली, तिचे ‘डॉल्फिन’ रोबो आपल्याकडेही मिळतात. आता चिनी कंपन्यांचे बिनवायरचेही बरेच आलेत. नावं खूप आहेत. नावापासून सुरुवात केलीस तर गोंधळशील.

मामा : मी नावापासून करतच नाही. मी गाळापासून करतो. खात्यात जन्म गेला माझा. तुम्ही सगळे ‘कचरा’ म्हणता आणि मोकळे होता. कचऱ्याच्या जाती असतात. पहिली तरंगणारी. बोगनवेलीच्या पाकळ्या, आंब्याचा मोहोर, सुपारीची फुलं. तुझा रोबो फिरणार तळाशी. वरच्याचं काय?

भाची : ते काम स्किमरचं आणि हातातल्या जाळीचं. रोबोच्या वाट्याला ते बुडाल्यावर येतं. पण बुडालेली पाकळी कुजायच्या आत उचलली गेली, तर तिच्यावर खर्च होणारं क्लोरीन वाचतं.

मामा : दुसरी चटकन बसणारी. वाळू. पाहुणे किनाऱ्यावरून येतात ते थेट पाण्यात.

भाची : वाळू उचलण्यात रोबो पटाईत. किनाऱ्यावरच्या वाळूचा कण बहुतेक १०० मायक्रॉनच्या वरचा, बारीक जाळीत हमखास अडकतो. पण ती वाळू ब्रश आणि पट्टे झिजवते. त्यापेक्षा पुलाच्या काठाशी पाय धुवायला नळ काढ आणि शॉवरखालून गेल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडू नकोस. यंत्र येवो न येवो, हे आधी कर.

मामा : बरं. तिसरी सावकाश बसणारी. रस्त्याची धूळ, टाइलवर धरणारा शेवाळाचा पातळ थर. सकाळी तळावर बोट फिरवलं की रेघ उमटते.

भाची : इथे जाळीचा प्रश्न येतो. कित्येक रोबोंना दोन तऱ्हेच्या जाळ्या मिळतात. जाड जाळी दीडशे-दोनशे मायक्रॉनची, बारीक पन्नास-साठची. माणसाचा केस सत्तरच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज कर. धूळ पकडायची तर बारीक हवी. पण वाऱ्याच्या दिवशी बारीक लावून सोडलास तर बघता बघता काड्यांचा थर तिच्यावर बसेल, ओढ कमी होईल आणि रोबो भिंत चढायचा थांबेल. तू म्हणशील बिघडला. तो बिघडलेला नसतो, तुंबलेला असतो.

मामा : काड्या नुसत्या जाळीवर बसत नाहीत. सुरूची काडी लांब आणि लवचीक. जे फिरेल त्याला गुंडाळते. शेजारच्या बंगल्यात रोबोचा ब्रश उघडला तेव्हा मी उभा होतो. आसाभोवती काड्या आणि लांब केस असे पीळ घालून बसले होते की कात्री लावावी लागली. कारागीर म्हणाला, पट्टा त्यामुळेच तुटला.

भाची : म्हणजे आपली यादी तयार व्हायला लागली. एक, दोन्ही जाळ्या मिळाल्या पाहिजेत आणि घरच्या घरी बदलता आल्या पाहिजेत. दोन, कचरा आत घेणारं तोंड रुंद हवं. तीन, टोपली वरून झाकण उघडून निघाली पाहिजे. काही जुन्या मॉडेलना खालून पिशवी असते. ती काढायला यंत्र उलटं करावं लागतं, आणि तेवढ्यात निम्मा गाळ फरशीवर येतो. चार, ब्रश पाना-पक्कड न लावता सुटला पाहिजे.

मामा : यात कॅमेरा कुठेच आला नाही.

भाची : नाही आला. तुझा पूल सरळ चौकोनी. गायरोस्कोपवर दिशा धरून समांतर पट्ट्यांत फिरणारा साधा रोबो इथे पुरेसा आहे. वाटाण्याच्या शेंगेसारख्या आकाराचा पूल असता, मध्ये बेट असतं, तर मी जास्त हुशार यंत्राचा विचार केला असता.

मामा : चौथी जात ऐक. न बसणारी. पहिल्या पावसात वाडीतून तांबडं पाणी पुलात उतरतं. जांभ्याची माती. तिच्यातले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनच्या आतले. तुझी बारीक जाळी पन्नासची.

भाची : आरपार जाणार.

मामा : नुसते आरपार जाणार नाहीत. जे थोडंफार खाली बसलं असेल ते तुझा ब्रश पुन्हा उठवणार. तिथे लागते तुरटी. त्या कणांवर एकाच प्रकारचा विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटत राहतात, म्हणून पाणी दिवसेंदिवस गढूळ राहतं. तुरटी तो भार मारते, कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि पंप बंद ठेवला तर रात्रीत तळाला बसतात. सकाळी मल्टिपोर्टचा दांडा ‘वेस्ट’वर टाकायचा, म्हणजे पाणी फिल्टरला वळसा घालून थेट बाहेर जातं, आणि तो थर होजने हलक्या हाताने ओढायचा. हे काम माळीदादांचंच.

भाची : मान्य. तुरटी टाकलेल्या पाण्यात रोबो सोडूच नये. शॉक क्लोरीन दिल्यावरही सोडू नये, सील आणि रबर खराब होतात. आणि पाणी हिरवं झालं असेल तर आधी औषधाने शेवाळ मारायचं. रोबो हिरव्या पुलाचा निळा करत नाही, निळा असलेला निळा ठेवायला मदत करतो.

मामा : हे डीलर सांगत नाही.

भाची : तो विचारल्यावर सांगेल. आपण विचारत नाही.

मामा : २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरची सुरूची झाडंच्या झाडं आडवी झाली. इथे पुलात फांद्या, कौलांचे तुकडे, पत्रा. वीज कितीतरी दिवस नव्हती. तेव्हा कामाला आली ती माणसं आणि घमेली. म्हणून सांगतो, होज आणि दांडा अडगळीत टाकायचा विचारही करायचा नाही.

भाची : अडगळीत नाहीच टाकायचा. आणि पावसाळ्यात रोबो कपाटातच राहू दे.

मामा : पाचवी जात डोळ्यांना न दिसणारी. घाम, डोक्याचं तेल, सनस्क्रीन, आणि लहान मुलं पाण्यात जे करतात ते.

भाची : तेल वर येऊन पाण्याच्या रेघेवर बसतं. भिंत चढून रेघ घासणारं मॉडेल तिथे उपयोगी पडतं. बाकी सगळं पाण्यात विरघळलेलं. ते खातं क्लोरीनचं. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८. रोबो त्यातलं काहीच करत नाही.

मामा : माझी खरी धास्ती तीच आहे. तळ चकचकीत दिसला की माणूस टेस्ट किट उघडत नाही. आज होज ओढता ओढता माळीदादा पाण्याकडे बघत असतात. तळाच्या जाळीशेजारची टाइल सुटलेली त्यांनाच कळली, हेड अडखळलं म्हणून. पंपाचं सील गळतंय हेही त्यांनीच ओळखलं. यंत्र पाण्यात सोडलं की बघणारा कोण?

भाची : दीड तास दांडा ओढून झाल्यावर ते टेस्ट किट उघडतात का, हे तू खरं सांग.

मामा : शनिवारी उघडतात. एरवी मी मागे लागलो तर.

भाची : मग दांड्याचा वेळ वाचवून तो किटला द्यायचा. पण तो आपोआप तिकडे जाईल असं मी म्हणणार नाही. पंपाच्या खोलीत वही टांग. रोजचं क्लोरीन, पीएच, गेजचा आकडा. आणि आठवड्यातून एकदा पंप बंद करून, पाणी स्थिर असताना, नुसतं काठाने एक चक्कर मारायची. टाइल, ग्राउट, दिव्याची काच. हे वहीत लिहिलं गेलं नाही तर रोबोने तुझं नुकसानच केलं असं समज.

मामा : हे आवडलं. आता भिंतींचं सांग. माझ्या पुलाला काचेचं मोझॅक आहे. ओलं झालं की पाय ठरत नाही. यंत्र कसं चढणार?

भाची : सगळी चढत नाहीत. परदेशी व्हिडिओंतले पूल पुष्कळदा विनाइलचे किंवा प्लास्टरचे असतात. त्यांना रबरासारखा पीव्हीसी ब्रश चालतो. आपल्याकडे सिमेंट काँक्रीटच्या टाकीला आतून टाइल. गुळगुळीत टाइलला स्पंजासारखा पीव्हीए ब्रश लागतो. कोरडा असताना कडक असतो, भिजला की मऊ होतो आणि पकड घेतो. लवकर झिजतो, म्हणून तो सुटा मिळतो का, केवढ्याला, आणि मुंबईत ठेवलेला असतो का परदेशातून मागवावा लागतो, हे आधी विचारायचं. पट्टे आणि इम्पेलरचंही तेच.

मामा : पायऱ्या?

भाची : पायऱ्या, कोपऱ्यांचे सांधे आणि शिडीच्या मागची बाजू ब्रशनेच. आणखी एक. तळाच्या मेन ड्रेनचं झाकण वर आलेलं असेल तर रोबो त्याच्यावर चढून अडकतो. तुझं सपाट आहे का?

मामा : एका बाजूने उचललंय.

भाची : ते आधी बसवून घे. ते काम रोबोसाठीच नाही, आत उतरणाऱ्या मुलांच्या पायांसाठीही करायलाच हवं. आता दादाच्या बिनवायरच्या यंत्राबद्दल. मी ते नको म्हणते.

मामा : अगं, मला त्याच्यातली तेवढीच गोष्ट पटली होती!

भाची : तुला? आत्तापर्यंत यंत्रच नको म्हणत होतास.

मामा : यंत्र नको म्हणतो, पण घ्यायचंच ठरलं तर वायर नको. पुलाच्या काठावर पंधरा-अठरा मीटर वायर पसरलेली. पाहुण्यांची पोरं धावतात. सकाळी नेमकी वीज जाते, तेव्हा तुझा वायरवाला तळाशी मध्येच उभा. पूल लहान आहे माझा, दोनशे चौरस फुटांचा तळ. बॅटरी दीड-दोन तास टिकली तरी पुरे.

भाची : पुरेल, नवी असेतोवर. लिथियमची बॅटरी वापरली तरी म्हातारी होते आणि नुसती ठेवली तरी होते, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तर लवकरच. चार तास चार्ज करायची, ते चार्जिंगचे पिन इथल्या खाऱ्या हवेत. बॅटरी सीलबंद, ती बदलायला यंत्र कंपनीकडे जाणार. आणि चार्ज संपला की तो तळाशी बसून राहतो किंवा भिंतीशी येऊन थांबतो, तिथून आकड्याने ओढून काढायचा. वायरवाल्यात पाण्यात बिघडण्यासारखी बॅटरीच नाही.

मामा : पण पाण्यात वीज सोडायची.

भाची : ट्रान्सफॉर्मरचा डबा २३० व्होल्ट घेतो आणि वायरमधून २४ ते ३० व्होल्ट डीसी देतो. तो डबा काठापासून तीन-साडेतीन मीटर लांब, सावलीत, पाऊस लागणार नाही असा. सॉकेटला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आणि यंत्र पाण्यात असताना माणूस पाण्यात नाही. ही अट वायरवाल्यालाही आहे आणि बिनवायरच्यालाही.

मामा : मोबाईलवरून चालवायचं काय मग?

भाची : वाय-फायची लहर पाण्यात हातभरही नीट पोचत नाही. बिनवायरचा बुडाला की बहुतेक वेळा मोबाईलशी त्याचा संबंध तुटतो, वर आल्यावर काय केलं ते सांगतो. वायरवाल्यात वाय-फाय बाहेरच्या डब्यात असतं, म्हणून तो बोलत राहतो. पण तुला त्याच्याशी बोलायचंय कशाला? बटण दाबायचं आणि खोल्या आवरायला जायचं.

मामा : वायरीचा पीळ?

भाची : पडतो. वायरीत फिरता सांधा असेल तर कमी पडतो. काम झालं की वायर उन्हात सरळ पसरायची, मग सैल गुंडाळायची.

मामा : माळीदादा वायर गुंडाळणार, टोपली धुणार, ब्रशमधले केस काढणार, यंत्र सावलीत नेऊन ठेवणार. यंत्राचं वजन किती?

भाची : आठ-दहा किलो. पाणी भरलेलं असताना जास्त. वायरीने लटकवून उचलायचं नाही, वायरीने फक्त काठाशी आणायचं. मग मुठीला धरून अर्धवट बाहेर काढून पाणी गळू द्यायचं आणि नंतर उचलायचं. तुझ्या कमरेने हे करायचं नाही.

मामा : माझ्या कमरेचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो माळीदादांच्या वयाचा. तेही साठीला आलेत. दांडा ओढताना कंबर वाकत नाही, यंत्र उचलताना वाकते. हा हिशेब तुझ्या कोणत्या तक्त्यात आहे?

भाची : आत्तापर्यंत नव्हता. घालते. वजन सात-आठ किलोच्या आतलं असेल तर बरं, आणि चाकांची गाडी घ्यायचीच.

मामा : आणि दादा तिकडून घेऊन येतो म्हणतोय. तिथे स्वस्त पडतं.

भाची : आणू देऊ नकोस. तिकडे १२० व्होल्ट. कित्येक डबे तेवढ्यावरच चालणारे असतात, इथे लावला की जळाला. समजा २४० पर्यंतचा निघाला, तरी वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतलं त्या देशापुरती. पट्टा तुटला तर तू तो नागावहून न्यू जर्सीला पाठवणार का? इथे जो दुरुस्त करून देईल त्याच्याकडूनच घ्यायचं, चार पैसे जास्त गेले तरी.

मामा : म्हणजे तुझं शेवटचं म्हणणं : वायरवाला, दोन जाळ्यांचा, वरून टोपली निघणारा, पीव्हीए ब्रशचा, रेघ घासणारा, हलका. कॅमेरा नको, मोबाईल नको.

भाची : आणि पावसाळ्याचे चार महिने कपाटात.

मामा : माझं म्हणणं : बिनवायरचा. बाकी यादी तीच. नाहीतर काहीच नको.

भाची : बॅटरीचं जे सांगितलं ते तुला पटलेलं नाही.

मामा : पटलंय. पण चार-पाच वर्षांनी बॅटरी गेली तर पैसे जातील. वायरीत पाय अडकून एखादं पोर फरशीवर आपटलं तर ते पैशाने भरून येत नाही. घर माझं आहे, पाहुणे माझे आहेत.

भाची : वायर असताना पुलाकडचं फाटक बंद ठेवलं तर?

मामा : ठेवशील तू. मी ठेवीन. लग्नाच्या पार्टीतले पंधरा जण ठेवतील का?

भाची : यावर मला उत्तर नाही. ठीक आहे, आपण भांडून ठरवू नये. डीलरला सांगू, दोन्ही घेऊन ये आणि आमच्या पुलात चालवून दाखव. शोरूममधली काचेची टाकी नको.

मामा : आणि आदल्या दिवशी पूल साफ करायचा नाही. रात्री वारा सुटलेला हवा. काड्या, वाळू, पाकळ्या, सगळं असू दे. त्याने दोन्ही जाळ्या आणाव्यात, आणि कोणती लावायची ते त्याने ठरवावं. त्यावरूनच कळेल त्याला काम कळतं की नुसती विक्री.

भाची : बघायचं काय ते लिहून ठेवते. मेन ड्रेनवर अडकतो का. काचेच्या टाइलवर रेघेपर्यंत पोचतो का, की अर्ध्यावरून घसरतो. फेरी संपल्यावर कोपऱ्यात काय राहिलं. टोपली धुवायला किती वेळ लागला.

मामा : टोपली डीलरने धुवायची नाही. माळीदादा धुतील. यंत्र पाण्यातून तेच काढतील, ब्रशही तेच सोडवतील. आपण दोघांनी हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. ज्याला ते नाही म्हणतील ते घरात येणार नाही, मग ते तुझं असो की माझं.

भाची : आणि दोन्हींना नाही म्हणाले तर?

मामा : तर दीड लाख वाचले.

भाची : वाचले कसे? शनिवारचे तीन तास तसेच राहतात. त्यातले थोडे खर्च करून सुट्ट्यांच्या दिवसांत त्यांच्या हाताखाली एक पोरगा दे. यंत्राला वर्षाला सर्व्हिसिंगचे द्यावे लागलेच असते.

मामा : ते मी देईन. पण ती अट डीलरला कळू देऊ नकोस, नाहीतर तो यंत्राऐवजी पोरगा दाखवायला आणेल. लाव फोन.